नव्या गिझरचा खरा खर्च

गेल्या डिसेंबरात, नाताळला आठ दिवस राहिले असताना, आमच्या न्हाणीतील गिझर खालून गळू लागला. चौदा वर्षांचा होता. घरात पाहुणे यायचे होते, थंडी कडाक्याची पडली होती. मी पिशवी उचलली आणि गावातून तालुक्याला दुकान गाठायला निघालो. मनात हिशोब एवढाच की आठ-नऊ हजार रुपये गेले, आणखी काय!

पण त्या गिझरचे दुखणे त्या दिवशी सुरू झालेले नव्हते. सुनेने पावसाळ्यातच दोन-तीनदा सांगितले होते, "मामा, न्हाणीतला नळ चावतो." मी हसण्यावारी नेले. ओल्या हाताला असे होतेच, म्हणालो. जुना गिझर उतरवायला आलेल्या वायरमनने प्लग उघडून माझ्यापुढे धरला, तेव्हा माझे हसू गेले. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार कधी जोडलेलीच नव्हती. आतल्या कॉईलला तडा गेला होता आणि वीज पाण्यात उतरत होती. पाच वर्षांचा नातू त्याच नळाखाली रोज अंघोळ करीत होता. आम्ही वाचलो, यात माझा शहाणपणा काहीच नाही.

म्हणून या पानावर माझे मत स्पष्ट मांडतो. गिझरची किंमत म्हणजे दुकानातल्या चिठ्ठीवरचा आकडा नव्हे. अर्थिंग, योग्य जाडीची तार आणि गळती पकडणारा स्विच यांचे पैसे आधी बाजूला काढावेत, आणि उरलेल्या पैशात बसेल तो गिझर घ्यावा. आपण सगळे नेमके उलटे करतो.

आमचा खर्च लपवून ठेवीत नाही. पंचवीस लिटरचा गिझर ९,२०० रुपये. दोन जोडनळ्या ६०० रुपये. नवी तार, सोळा अँपिअरचा सॉकेट, एम.सी.बी. आणि आर.सी.सी.बी., मजुरीसह ३,६०० रुपये. अंगणात अर्थिंगचा खड्डा २,८०० रुपये. नळकारागीर ७०० रुपये. एकूण १६,९०० रुपये. म्हणजे गिझरखेरीज ७,७०० रुपये लागले. हे पैसे आम्ही चौदा वर्षांपूर्वी वाचवले होते, असे म्हणायला हवे. ती बचत नव्हती, हे आता कळले.

आर.सी.सी.बी. हा शब्द पुष्कळांना नवा वाटेल. जाणारी वीज आणि परत येणारी वीज सारखी आहे की नाही, हे तो सतत पाहतो. वाटेत थोडी जरी वीज पाण्यातून, भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेली, तर क्षणार्धात प्रवाह तोडतो. घरासाठी तीस मिलिअँपिअरचा घ्यावा. साधा एम.सी.बी. हे काम करीत नाही. तो तार तापू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातला की काम संपले, असेही नाही. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतावे लागते, कारण कोरडी माती वीज नीट घेत नाही.

आता, प्रत्येक बिघडलेला गिझर बदलायलाच हवा का? नाही. पाणी तापत नसेल तर बहुधा कॉईल किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो, आणि तो थोडक्या पैशात बदलून मिळतो. बोअरच्या जड पाण्याने कॉईलवर चुन्याचा थर बसतो. मग तीच ऊब यायला वेळ लागतो आणि कॉईल लवकर फुटते. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती संपली की गंज टाकीला लागतो. दर दोन वर्षांनी कारागिराकडून टाकी धुऊन घेतली आणि कांडी तपासली, तर गिझरचे आयुष्य पुष्कळ वाढते. आम्ही चौदा वर्षांत एकदाही उघडला नाही. मात्र टाकीच गळू लागली, तर डाग देत बसू नये. तेथे नवाच घ्यावा, आणि तो आय.एस.आय. चिन्हाचा घ्यावा.

आकाराबाबत माझीही चूक झाली, तीही सांगतो. दुकानदाराने "पाच माणसे आहेत, पंचवीस लिटर घ्या" म्हटले आणि मी मान हलवली. घरी आल्यावर हिशोब केला. पंधरा लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवून त्यात विसण घातले, तर अंघोळीजोगे तीस लिटरांहून अधिक पाणी होते, म्हणजे दीड बादली. दोन हजार वॅटचा गिझर तेवढे पाणी वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा तापवतो. आम्ही बादलीने, एकामागून एक अंघोळ करणारी माणसे. आम्हाला पंधरा लिटरचा पुरला असता. शिवाय भरलेला पंचवीस लिटरचा गिझर पस्तीस किलोंच्या आसपास जातो. जुन्या मातीच्या भिंतीला तो टांगण्यापूर्वी गवंड्याला विचारावे.

विजेचेही तसेच. वीस लिटरची एक बादली अठरा अंशांनी तापवायला ०.४२ युनिट लागते. पाच बादल्यांना दोन युनिटांवर, महिन्याला साठाच्या पुढे. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वीज महिना २०० युनिटांपर्यंत माफ आहे. पण प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या जुन्या वापरावरून ठरलेली आहे, आणि २०० च्या वर गेल्यास सगळे बिल भरावे लागते. तेव्हा गिझर दिवसभर चालू ठेवण्याची सवय महागात पडते. अंघोळीपूर्वी अर्धा तास लावावा आणि अंघोळीला जाण्याआधी बटण बंद करावे. यात पैसाही वाचतो आणि जीवही.

काही घरांतून स्वस्त म्हणून गॅसचा गिझर न्हाणीतच बसवलेला दिसतो. याला माझा ठाम विरोध आहे. बंद न्हाणीत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो घेतो, आणि माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडतो. गॅसचा गिझर लावायचाच तर तो न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत असावा.

सौर बंब उत्तम, हे मान्य. पण आमच्या खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, तेव्हा दुसरी सोय लागतेच. आणि चूल? गिझर येईपर्यंत तीन आठवडे आम्ही परसातल्या चुलीवर हंडा ठेवला. राख नारळीच्या आळ्यात गेली, ते बरे झाले. पण पहाटे धुरात कोण बसले? घरातली बाईच. जुने ते सोने म्हणणाऱ्या आम्हा पुरुषांनी आठ दिवस तरी ती फुंकणी हाती घ्यावी, मग बोलावे.

कुणी म्हणेल, उसाचे बिल वेळेवर येत नाही, सतरा हजार एकदम कोठून आणायचे? प्रश्न रास्त आहे. म्हणून क्रम सांगतो. या महिन्यात अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. करावे. ते सबंध घराला, मिक्सरला, पंपालाही उपयोगी पडते. गिझर पुढल्या महिन्यात, लहान का असेना, घ्यावा. तोवर हंडा आहेच. पण तार जोडल्याशिवाय गिझर लावू नये, मग पाहुणे दारात उभे असोत.

आणि घरातले कोणी, मग ते लहान मूल का असेना, नळ चावतो असे म्हणाले, तर हसू नये. लगेच मुख्य बटण बंद करावे आणि वायरमनला बोलवावे. मी ते चार महिने केले नाही.