बक्षिसावर नसलेलं नाव

बालमित्रांनो, टीव्हीवर टेनिसचा सामना बघताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. हातातला गुण निसटला की खेळाडू मान वर करून प्रेक्षकांतल्या एका कोपऱ्याकडे बघतो. कॅमेराही लगेच तिकडे वळतो. तिथे प्रशिक्षक असतात आणि बरेचदा त्यांच्या शेजारी खेळाडूची बायको किंवा नवरा. मुठी आवळलेल्या, जीव टांगणीला! आज या कोपऱ्यातल्या माणसांविषयी बोलू या.

पहिलं उदाहरण आपल्या महाराष्ट्राचंच. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. ३० सप्टेंबरला मिश्र दुहेरीची अंतिम लढत होती. ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा ही आपली जोडी पहिला सेट २-६ असा हरली. दुसरा ६-३ ने जिंकला आणि शेवटचा टायब्रेक १०-४ ने. सुवर्णपदक!

पण त्याआधी एक वेळ अशी आली होती, की ऋतुजा टेनिस सोडायच्या विचारात होती. का बरं? टेनिस हा फार खर्चाचा खेळ. मोठं नाव होईपर्यंत विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, रॅकेटच्या तारा, सगळ्याची जुळवाजुळव बहुतेकांना स्वतःच करावी लागते. हा आठवडा एका देशात, तर पुढचा दुसऱ्या. पहिल्याच फेरीत हरलं की बॅग भरायची आणि निघायचं. भलेभले कंटाळतात. अशा वेळी तिला धीर देऊन खेळत ठेवणारा होता तिचा नवरा, स्वप्नील गुगळे.

स्वप्नील स्वतः क्रिकेटपटू. २०१६ साली मुंबईच्या वानखेडे मैदानावर महाराष्ट्राकडून दिल्लीविरुद्ध त्याने नाबाद ३५१ धावा काढल्या. त्याने आणि अंकित बावणेने मिळून ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजी करंडकातली तोवरची ती सर्वांत मोठी. आता गंमत बघा. क्रिकेटच्या धावफलकात भागीदारी दोघांच्या नावावर लिहितात. घरातली भागीदारी मात्र कुठल्याच फलकावर चढत नाही.

स्वित्झर्लंडच्या मिर्काचंही तसंच. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती आपल्या देशाकडून टेनिस खेळली. तिथेच तिची आणि रॉजर फेडररची ओळख वाढली. पुढे पायाच्या दुखापतीने २००२ मध्ये तिचा खेळ सुटला. मग तिने रॉजरचे दौरे सांभाळले, चार मुलं सांभाळली. रॉजरने २० ग्रँड स्लॅम जिंकली. २०२२ मध्ये निवृत्त होताना तिचे आभार मानताना त्याला रडू आवरेना.

आता आपल्या जंगलात या. इथे टेनिसचं कोर्ट नाही, पण सामना त्याहून अवघड. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं. ज्यांना गाव जवळ येऊ देत नव्हतं, त्या कुष्ठरोग्यांमध्ये साधनाताईंनी आपला संसार मांडला. चूल, गाईगुरं, दोन लहान मुलं आणि रोगी, सगळं एकाच अंगणात. १९८५ साली बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यावर नाव एकच होतं.

त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकशाला गेले. सोबत डॉ. मंदाताई. सुरुवातीला वीज नाही, रस्ता नाही. पावसाळ्यात नद्या फुगल्या की जगाशी संबंध तुटायचा. दोघंही माडिया भाषा शिकले, दोघांनीही रोगी तपासले. मंदाताई भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा श्वास त्यांच्या हाती! २००८ साली मॅगसेसे पुरस्कार पुन्हा या घरात आला. या वेळी नावं दोन होती.

एकवरून दोनवर यायला तेवीस वर्षं लागली.

मित्रांनो, एकाला पुढे जाता यावं म्हणून दुसऱ्याने थोडं मागे थांबायचं, यात कमीपणा मुळीच नाही. पण दर वेळी आईनेच मागे थांबायचं, असा काही नियम आहे का? स्वप्नीलकडे बघा. पाळी बदलता येते! आणि जो मागे थांबतो, त्याचं नाव घ्यायला तर पैसाही पडत नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या शाळेच्या खेळाच्या तयारीसाठी पहाटे कोण उठतं? बाबांची रात्रपाळी असली की घर कोण गप्प ठेवतं? आईची परीक्षा असली तर भाकऱ्या कोण थापतं? तीन नावं वहीत लिहा आणि ती वही त्यांना दाखवा. बघा त्यांचा चेहरा कसा होतो!

भेटू पुढच्या आठवड्यात.