घन, द्रव की वायू?

एअर डिफेन्समधल्या कोर्समेटने परवा मेसमध्ये विषय काढला, म्हणून लिहितोय.

25 फेब्रुवारी 1991. सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये इराकी स्कड बराकीवर पडलं, 28 अमेरिकन सैनिक गेले. तिथली पेट्रिअट बॅटरी शंभर तासांहून जास्त सलग चालू होती. तिच्या सॉफ्टवेअरचं घड्याळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने चुकलेलं. तेवढ्यात स्कड अर्धा किलोमीटर पुढे जातं.

दोष आधीच कळला होता. चार दिवस आधी लष्कराच्या प्रकल्प कार्यालयाने निरोप धाडला, की फार वेळ चालवल्यास गडबड होऊ शकते. फार म्हणजे किती तास? लिहिलंच नव्हतं! अशी ऑर्डर मी काढली असती तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पहिला प्रश्न हाच आला असता. दुरुस्त सॉफ्टवेअर पोचलं 26 तारखेला.

चूक लष्कराचीही, मान्य. पण म्हणून बनवणारा सुटतो का? कोतमधून रायफल घेणारा जवानसुद्धा सही करतो.

युद्धसाहित्य सोडा, आज गाडीचे ब्रेकही सॉफ्टवेअरवर चालतात. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपुऱ्या सूचनांसाठी उत्पादकाला जबाबदार धरता येतं. पण ‘उत्पादन’ म्हणजे वायू, द्रव किंवा घन रूपातली वस्तू. सॉफ्टवेअर यातलं कोणतं, यावर वकील वर्षं काढतील. त्या व्याख्येत ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द सरळ घाला, आणि माणूस दगावला तर लायसन्समधलं ‘आहे तसं घ्या’ चालणार नाही, हेही लिहा.