बेल्जियमची बिननावाची पदके

बेल्जियमची युद्धपदके जमविणाऱ्यास एक अडचण हमखास येते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश विजयपदकाच्या कडेवर शिपायाचे नाव, क्रमांक व पलटण कोरलेली असे. दोस्त राष्ट्रांनी १९१९ साली काढिलेल्या या पदकाची इंद्रधनुषी फीत सर्वत्र एकच. मेसोपोटेमियात लढलेल्या एखाद्या मराठा शिपायाचे पदक बेळगावकडे कोणाच्या पेटीत असेल, तर कडेवर त्याचे नाव वाचता येईल. पॉल द्युबुआ यांनी घडविलेले बेल्जियन पदक मात्र कोरेच. ते कोणाच्या छातीवर होते हे त्यावरून कळावयाचे नाही.

इझर पदकाचेही तसेच. १९१४ च्या ऑक्टोबरात, १७ ते ३१ तारखांच्या दरम्यान, इझर नदीवर जर्मनांना रोखणाऱ्यांसाठी ते १९१८ मध्ये निघाले. १९३४ मध्ये त्याच्या जागी क्रूस आला. त्या लढाईत अखेर निऊपोर्टच्या बंधाऱ्याची दारे भरतीच्या वेळी उघडून समुद्राचे पाणी आपल्याच शेतांत घेतले, तेव्हा शत्रू थबकला. खाऱ्या पाण्याखाली गेलेले शेत म्हणजे काय, हे शेतकऱ्यास का सांगावयास हवे?

म्हणून पदकाइतकीच त्याची सनद मोलाची. वारसांनी पदक गिऱ्हाइकास व कागद रद्दीत दिला, की माणूस हरवला, धातू तेवढा उरला. घेणाऱ्याने आधी कागद मागावा. पदक घासून लख्ख तर मुळीच करू नये. आणि ज्यांच्या घरी असे पदक असेल, त्यांनी वडीलधारी मंडळी आहेत तोवर ते कोणाचे, हे चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवावे.