गंधकाच्या झऱ्याचे रहिवासी

दापोली तालुक्यातील उन्हवऱ्याच्या उष्ण कुंडात स्नान केल्याने त्वचाविकार जातो की नाही, याविषयी आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. परंतु अशा गंधकयुक्त पाण्याच्या पाटात साचणाऱ्या बुळबुळीत थराकडे घाण यापलीकडे कोणी पाहत नाही. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी मात्र अशा झऱ्यांतील पांढऱ्या तंतूंचे आस्थेने निरीक्षण केले, आणि बेजियाटोआ नामक ते जीवाणू कुजक्या अंड्यासारख्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडचे प्राणवायूच्या योगे ज्वलन करून निर्वाह चालवतात, त्यातून निघालेले गंधक चकाकत्या कणांच्या रूपाने पेशीतच शिलकीस ठेवतात व वायू आटला की तेही खर्ची घालतात, असे १८८७ साली दाखवून दिले. (इतका चोख जमाखर्च आमच्या नगरपालिकांच्या दप्तरांतही आढळत नाही!) थराच्या तळाशी, प्राणवायू न पोहोचणाऱ्या अंधारात, दुसरे जीवाणू सल्फेटपासून तोच वायू पुन्हा निर्माण करतात.

जीर्णोद्धाराच्या नावाखाली कुंडांना फरशी बसवणे आणि ब्लीचिंग पावडरने पाट घासून काढणे मला म्हणूनच अविचाराचे वाटते. कुंड भाविकांचे खुशाल राहो. पाटाचा दहा-वीस हात टापू तेवढा अस्पर्शित ठेवावा, असा हुकूम जिल्हा कचेरीतून निघण्यास दमडीचाही खर्च नाही.