टायमिंग बेल्ट घरी बदलायचा?

साताऱ्याचे आमचे दाजी मोबाइलवर व्हिडिओ पाहून डिझेल डस्टरचा टायमिंग बेल्ट अंगणातच बदलायला निघालेत. "मिस्त्री नुसती मजुरी लुटतात," म्हणे. मी सांगलीचा, मिस्त्र्याच्या घरातला. गप्प कसा बसू?

ऑइल बदला, एअर फिल्टर बदला, खुशाल. पण या इंजिनात क्रँक आणि कॅमची सांगड त्या रबरी पट्ट्यावरच असते. पट्टा चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. पेठ नाक्याजवळ, बायकापोरं गाडीत असताना हे झालं, तर व्हिडिओवाला येणार आहे का?

इंजिन खालून पेलायचं, माउंट काढायचं, क्रँक-कॅम पिनांनी लॉक करायचे, टेन्शनर ताणायचा. मग पिना काढून, हाताने दोन फेरे देऊन जुळणी पुन्हा तपासायची. गिऱ्हाईक दारात कितीही ओरडो, अब्बा हे दोन फेरे चुकवत नसत. मजुरी त्याचीच. शिकलेल्यांना मात्र हाताचं काम म्हणजे बघून येणारं वाटतं!

लुटणारे मिस्त्रीही आहेत, मान्य. त्यांच्याकडून किटची पावती घ्या, जुना बेल्ट परत मागा.

काल फोनवर विचारलं, "दाजी, लॉकिंग पिना आणल्यात का?"

"त्या कशाला लागतात?"