पाटी आणि वही

जुन्या वस्तूंविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, चालते आहे तोंवर वापरावी. दुसरा म्हणतो, चालत नाहीं म्हणून तर बोलावें लागतें. पूर्वीं हा वाद शिवणयंत्रावरून होई, हल्लीं संगणकावरून होतो. मंद झालेला संगणक रॅम डिस्क केल्यानें चपळ होतो काय, हा प्रश्न अनेक घरांत निघतो. आमच्याही घरांत तो निघाला आणि त्याचें उत्तर आम्हांस महाग पडलें. म्हणून या महिन्यांत त्याविषयींच लिहीत आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. संगणकास दोन प्रकारची स्मृति असते. रॅम ही शाळेंतील पाटीसारखी; भराभर लिहावें, भराभर पुसावें, पण वीज गेली कीं पाटी कोरी! हार्ड डिस्क ही वहीसारखी. लिहिण्यावाचण्यास वेळ लागतो, परंतु लिहिलेलें टिकतें. मिनिटास ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा समोर येईपर्यंत सरासरीनें अर्धा फेरा थांबावें लागतें, व वाचणारें टोंक योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ निराळाच. रॅममधील मजकूर याच्या सुमारें लक्षांश वेळांत हातीं येतो. तेव्हां पाटीचाच एक कोपरा आंखून घ्यावा आणि 'ही वही समज' असें संगणकास सांगावें, याचें नांव रॅम डिस्क.

ही युक्ति नवी नाहीं आणि एके काळीं ती खरोखर गुणकारी होती. १९८४ सालीं आयबीएमच्या डॉस ३.० बरोबर 'व्हीडिस्क' नांवाची अशी सोय आली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्यें पुढें 'रॅमड्राइव्ह' आली. त्या काळीं पुष्कळांचें काम फ्लॉपीवर चाले, आणि फ्लॉपी मिनिटास ३०० च्या आसपास फेरे घेई. अशा गोगलगाईपुढें रॅम डिस्कचा लाभ कोणाच्याही डोळ्यांस दिसे.

आतां स्थिति पालटली आहे. विंडोज काय किंवा लिनक्स काय, एकदां वाचलेली फाइल रिकाम्या रॅममध्यें आपण होऊन ठेवतात, आणि दुसऱ्या कामास जागा लागली कीं ती निमूटपणें मोकळी करून देतात. हुशार विद्यार्थी जें न सांगतां करतो, तेंच त्यास छडी दाखवून करावयास लावण्यांत काय अर्थ? उलट ४ जीबी रॅमच्या संगणकांत १ जीबीचा कोपरा अडविला, कीं बाकीच्या कामांस तीनच उरतात. ब्राउझरचीं चार पानें उघडलीं कीं ती जागा अपुरी पडते, आणि संगणक पाटीवरचा मजकूर मंद तबकडीवर नेऊन ठेवूं लागतो. वेग मिळवावयास जावें आणि असलेला गमवावा, असा हा व्यवहार! शिवाय फाइली प्रथम त्या तबकडीवरूनच आणाव्या लागतात. तो वेळ टळत नाहीं. रॅम विपुल असून असंख्य लहान तात्पुरत्या फाइली घडवावयाच्या व मोडावयाच्या असतील, तर मात्र हा उपाय अद्यापि उपयोगी आहे. गृहस्थाच्या घरीं असें काम क्वचितच निघतें.

आतां आमची हकीकत. आमच्या घराण्याची जुनी वंशावळ १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरांत गेली. तींत पुरुषांचींच नांवें होतीं. लेकीसुनांचीं नांवें आजीच्या तोंडीं, आणि तिच्यामागून आमच्या काकूंच्या तोंडीं राहिलीं. काकूंचें वय आज ८३ आहे. एके दुपारीं त्यांना समोर बसवून आम्ही तीं उतरून घेत होतों. "काका, फाइल रॅम डिस्कवर ठेवा, चटकन् उघडेल," असें पुतण्यानें सांगितलें होतें, आणि ती चटकन् उघडे, हें कबूल केलें पाहिजे. तिसऱ्या तासास वीज गेली. आम्ही मधून मधून 'जतन करा' म्हणत होतों खरें, पण जतन होत होतें तें पाटीवर!

काकू म्हणाल्या, "अरे, त्यांत काय, पुन्हां सांगेन." त्यांनीं सांगितलेंही. परंतु या वेळीं दोन सुनांचीं माहेरचीं नांवें त्यांना आठवेनात. अजूनही आठवलेलीं नाहींत. त्या दोन जागा आमच्या कुलवृत्तान्तांत रिकाम्याच आहेत. दोष पुतण्याचा नव्हे. जन्मभर मुलांस पाटी-वहीचा भेद शिकविणाऱ्या आमचा आहे.

मग जुन्या संगणकाचें करावें काय? सुरू होतांच आपोआप उघडणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावे. रॅम वाढविण्यास जागा असेल तर वाढवावी. सर्वांत मोठा गुण येतो तो फिरती तबकडी काढून तिच्या जागीं एसएसडी बसविल्यानें. तिच्यांत फिरणारें कांहीं नसल्यामुळें फेऱ्याची वाट पाहणें नाहीं, आणि वीज गेली तरी जतन केलेलें राहतें. साटा जोडणी असलेल्या जुन्या संगणकांसही ती चालते. आमच्या पुतण्यानें तीच बसविली. आतां वाद मिटला आहे. महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत मात्र निराळ्या जागीं अवश्य असावी.

काकूंकडे आम्ही अजून रोज दुपारीं बसतों. आतां हातांत खरी वही असते. संगणकावर चढविण्याचें काम रात्रीं.