टायपिंग कालबाह्य? कचेरीत विचारा



मुले मोठी झाल्यावर नोकरी शोधणाऱ्या बायकांनी टायपिंगचा वर्ग लावू नये, आता मोबाइल बोललेले लिहून घेतो, असे मागील अंकातील पत्रलेखक म्हणतात. घेतो, मान्य. पण भरल्या कचेरीत टिपणी मोठ्याने बोलून लिहिणारा कारकून मी अजून पाहिलेला नाही. आणि लिपिक-टंकलेखकाच्या पदाला आजही मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचे शासकीय प्रमाणपत्र लागते.

खरी अडचण दुसरीच आहे. मी टंकलेखन शिकवते. लग्नाआधी रेमिंग्टन यंत्रावर शिकलेल्या बाईचा वेग परत येतो. आड येते ती जुनी सवय. यंत्रावर ‘कि’ उमटवताना वेलांटी आधी, क नंतर. संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर नेमके उलटे. यंत्रावर अर्ध्या ख्‌ला दंड जोडला की ख पुरा व्हायचा. इथे तो अख्खाच येतो, अर्धा करायला हलन्त द्यावा लागतो. पहिले काही आठवडे सगळ्या यावरच चिडतात (आणि माझ्यावर). त्यांना मुळाक्षरांपासून सुरुवात नको असते, एवढा बदल शिकवणारा छोटा वर्ग हवा असतो, तोही मुले शाळेत असताना. बॅचेस मात्र कॉलेजच्या पोरांच्या सोयीने, सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सातला!

वयोमर्यादेबद्दल तर पत्रात अवाक्षर नाही. राज्याच्या सरळसेवेत खुल्या गटाला ती 38 आहे. दोन मुलांमागे दहा वर्षे गेलेल्या बाईला नोकरीच्या किती जाहिराती उरतात, हे पत्रलेखकांनीच मोजावे.

— एक टंकलेखन शिक्षिका, सातारा